करुणा बालोद्यानाची तपासणी

माणसे दागिने जपतात, जमिनीचे कागद जपतात. दमयंतीबाई भाटकर यांनी एकवीस वर्षे एक वाक्य जपले होते. "मुले शांत बसतात, कारण ती भितात."

त्या वेळी गावच्या शिक्षणसंस्थेच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, बाईंचे शिशुमंदिर भरत असे. चौपन्न मुले, पण टाचणी पडली तर ऐकू यावी. एके दिवशी तपासणीला अधिकारी आले आणि थक्क होऊन त्यांनी सहज विचारले, "एवढी शिस्त कशी काय?" प्रश्न बाईंना होता. उत्तर दिले ते मागे उभ्या असलेल्या मदतनीस मुलीने. योगिनी उजागरे तिचे नाव. तेवीस वर्षांची, ख्रिस्ती मंडळीतली, नोकरीला लागून सात महिने झालेली. अधिकाऱ्यांनी तिचे वाक्य जसेच्या तसे अहवालात उतरवले. तो अहवाल संस्थेच्या सभेत मोठ्याने वाचला गेला, आणि ज्यांना बाईंनी हात धरून 'ग' गिरवायला लावला होता अशी माणसे टेबलाकडे बघत बसली. पुढच्या जूनमध्ये पटसंख्येचे निमित्त काढून शिशुमंदिर बंद झाले. खोल्यांत मोडके बाक गेले.

योगिनी तेव्हाच नोकरी सोडून गेली होती. मिरजोळ्याच्या वाटेवर एका भाड्याच्या बंगल्यात तिने मंडळीच्या मदतीने करुणा बालोद्यान सुरू केले. ते चालले, वाढले. बाईंनी त्या रस्त्याने जाणे सोडून दिले. त्याच रस्त्याला पुढे औद्योगिक वसाहतीत नातवाचे, हर्षदचे, वर्कशॉप होते. त्याच्या पूजेलासुद्धा त्या दुसऱ्या अंगाने वळसा घालून गेल्या.

आणि यंदाच्या फाल्गुनात दैवाने डाव त्यांच्या हाती दिला. बंगल्याचे मालक मुंबईहून निवृत्त होऊन परतणार होते. एप्रिलअखेर जागा सोडायची होती. योगिनीने संस्थेकडे अर्ज केला. मागितल्या त्याच दोन खोल्या, मोडक्या बाकांच्या.

संस्थेचा अध्यक्ष विनीत आंब्याचा व्यापारी, वय चाळीस आणि अर्थातच बाईंचा विद्यार्थी. तो अर्ज घेऊन स्वतः घरी आला.

"बाई, पहिलीच्या वर्गशिक्षिका म्हणतात, करुणाची मुलं वेगळी असतात. चांगली वेगळी की वाईट वेगळी, ते कोणाला सांगता येत नाही. तुम्ही जाऊन बघाल का? शिकवतात कसं, मुलं पहिलीसाठी तयार होतात का. तुम्ही लिहाल ते सभेपुढे ठेवतो."

"मी लिहीन त्याप्रमाणे सभा वागेल?"

"तुमच्या शब्दाबाहेर कोण जातंय, बाई."

बाईंनी अर्ज चष्म्याजवळ धरला. अक्षर तेच होते, किंचित डावीकडे कललेले. "जाईन," त्या म्हणाल्या. विनीत गेल्यावर त्यांनी सुनेला सांगून कपाटातली तपासणीची जुनी पिशवी काढायला लावली. तीत चिंचोके होते, मणी आणि दोरा होता, चित्रांचे पुठ्ठे होते, एक पाटी होती. त्या दिवशी त्यांनी भात नेहमीपेक्षा अर्धी मूद जास्त घेतला.

संस्थेचे सर्वांत जुने सभासद रावजी शेटे दोन दिवसांनी येऊन ओटीवर टेकले. "कशाला एवढा खटाटोप करतेस, दमयंती? ती पोरं सकाळीच येशूची भजनं म्हणतात. तेवढ्या दोन ओळी लिही. सभेत मग कोण तोंड उघडतंय बघ."

"रावजी, माझे भांडण योगिनीशी आहे. तिच्या देवाशी नाही."

"अगो, काम झाल्याशी मतलब."

"काम तर होईलच. पण मी तिला तिच्याच विद्येत पाडणार. भजनाची काठी घेऊन मारायला मी काही दुबळी नव्हे."

रावजींनी पानाची चंची उघडली आणि विषय आंब्याच्या मोहोरावर नेला.

बाई तीन सकाळी करुणा बालोद्यानात गेल्या. हर्षद गाडीने सोडी. पहिल्या दिवशी फाटकाशी त्याने विचारले, "आजी, परत न्यायला केव्हा येऊ? की आत कोणी वाचलं नाही की फोन करशील?"

"साडेबाराला ये. आणि दात झाक."

योगिनी फाटकापर्यंत आली होती. केस पिकले होते, अंगाने भरली होती, पण ते सरळ बघणे तसेच. तिने वाकून नमस्कार केला. बाईंनी आशीर्वाद दिला नाही. "चालू दे तुमचे," एवढेच म्हणाल्या.

बाईंनी मनाशी एक पण केला होता. अहवालात एकही खोटे वाक्य घालायचे नाही. योगिनीने त्यांना एका खऱ्या वाक्याने मारले होते. खोट्याने उट्टे काढले तर ती वर राहणार. खरीच वाक्ये घ्यायची, पण शेजारी शेजारी अशी बसवायची की वाचणाऱ्याला घाव दिसावा आणि सुरी दिसू नये. अठ्ठावीस वर्षे शिकवण्यात घालवलेल्या बाईला वाक्यरचना कोणी शिकवायची?

वर्गात सव्वीस मुले होती. प्रार्थना झाली. उच्चार स्वच्छ होते, हे बाईंनी ऐकले आणि वहीत लिहिले नाही. त्यांना बसायला योगिनीने आपल्या टेबलामागची खुर्ची आणून दिली आणि स्वतः मुलांच्यात फरशीवर मांडी घातली. बाईंनी पहिले वाक्य लिहिले: "वर्गात शिक्षिकेसाठी एकच खुर्ची उपलब्ध आहे."

मग गोष्ट झाली. शंभर मेंढरांचा धनी, त्यातले एक हरवते, आणि तो नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला निघतो. गोष्ट मध्यावर आली तोच ईशा नावाची दोन वेण्यांची मुलगी उठून उभी राहिली.

"पण बाई, त्या नव्व्याण्णवांना कोणाजवळ ठेवलान त्याने?"

"तुला काय वाटतं?" योगिनीने विचारले.

"शेजाऱ्यांकडं."

"शेजारी नसले तर?"

"मग त्याने जायचंच नाय. वाघरू येईल." त्यावर दुसरा म्हणाला, एकट्या मेंढरालाही वाघरू खाईल. तिसऱ्याने मेंढरू म्हणजे काय ते विचारले, कारण त्याने आयुष्यात शेळीखेरीज काही पाहिले नव्हते. गोष्ट तिथेच राहिली आणि वीस मिनिटे वाद झाला. बाईंच्या मनात आले, या पोरीने प्रश्न मोठा नेमका काढला. हातांनी लिहिले: "मुले गोष्ट पूर्ण होऊ देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहिले की मुले एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओततात, डब्याची झाकणे स्वतः उघडतात, सदऱ्याची बटणे लावतात आणि काढतात. न आवडलेल्या कामाला कोणी "नको" म्हटले तर योगिनी "बरं, मग काय करतोस?" असे विचारते. पाटी कुठेही नव्हती. होते ते वाळूचे ताट. त्यात बोटाने रेघा, गोल, मासे. बाईंनी लिहिले: "वर्गात पाणी सांडते." मग: "नको म्हटल्यास आग्रह होत नाही." मग, खाली रेघ ओढून: "सहाव्या वर्षात पदार्पण केलेल्या एकाही मुलास स्वतःचे नाव लिहिता येत नाही."

हे शेवटचे लिहिताना त्यांच्या छातीत ऊब आली. इथे सुरीची गरज नव्हती, इथे खरोखरच व्रण होता. पहिलीत चाळीस मुले, समोर एक शिक्षिका, जूनपासून फळ्यावरचे उतरवून घ्यायचे. तिथे "बरं, मग काय करतोस?" असे कोण विचारणार? योगिनीने मुलांना घरच्या अंगणात चालायला शिकवले होते आणि सोडणार होती थेट हमरस्त्यावर.

तिसऱ्या दिवशी बाईंनी आपली पिशवी उघडली आणि मुलांना एकेक करून समोर घेतले. मणी ओवले गेले, चित्रे जुळवली गेली. घाबरलेले मूल सापडावे म्हणून बाईंनी आवाज चढवून पाहिला, भुवया वर नेऊन पाहिल्या. एक मुलगा त्यांच्या भुवयांकडे बघून हसला. एकीने सांगितले, "आजी, तुम्ही भरभर बोललात, पुन्हा सांगा." बाईंना आयुष्यात कोणी 'पुन्हा सांगा' म्हटले नव्हते. त्यांनी पुन्हा सांगितले, आणि त्याचा त्यांना राग आला.

मग आली सानिका. बाळा म्हणून एक आंब्याची प्रतवारी करणारा गडी होता, त्याची ही मुलगी. सावळी, नाकात मोरणी, खिशात कसलीशी बी.

बाईंनी फरशीवर बारा चिंचोक्यांची रास केली. "हे किती आहेत, मोजून सांग."

सानिकाने बाह्या वर सारल्या. डाव्या हाताने दोन उचलले, उजव्या हाताने दोन, चारही एकदम बाजूला टाकले आणि म्हणाली, "एक." पुन्हा दोन आणि दोन. "दोन." पुन्हा. "तीन." मग हात झाडले. "तीन झाले."

"नीट मोज."

तिने पुन्हा तसेच, त्याच ठेक्यात मोजले. "तीनच हायत."

बाई भाटकरांच्या घरच्या. त्यांच्या सासऱ्यांच्या बागेत दरवर्षी खळ्यावर आंबे असेच मोजले जात. दोन हातांत दोन-दोन, चार आंब्यांना म्हणायचे एक, पंचवीस म्हटले की शेकडा पुरा. बाईंनी नववधू म्हणून त्या मोजणीला बसून खुणेच्या काड्या टाकल्या होत्या. मुलीने काय केले ते त्यांना पहिल्याच "एक"ला कळले. पुढचा प्रश्न उघड होता, "तीन वेळा टाकलेस, म्हणजे आंबे किती गो?" तो त्यांच्या ओठांवर आला.

त्यांनी मान वर केली. भिंतीशी योगिनी उभी होती. ती मंडळीच्या मिशनच्या कंपाउंडात वाढलेली, बागेशी तिचा संबंध नव्हता. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. मुलगी चुकली असेच तिला वाटत होते.

बाईंनी प्रश्न गिळला. वही उघडली आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले: "बारा वस्तू मोजता आल्या नाहीत. दोनदा विचारले. उत्तर दोन्ही वेळा: तीन."

परतताना हर्षद म्हणाला, "आजी, आज तुझा चेहरा दिवाळीसारखा दिसतोय." बाई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या.

सभा एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला भरली. अकरा सभासद, त्यांतले आठ बागायतदार, हंगामाचे दिवस म्हणून सगळे घड्याळाकडे बघत बसलेले. योगिनीला बोलावले होते. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

बाई उभ्या राहून वाचू लागल्या. आवाज खणखणीत, शहात्तर वर्षांचा मुळीच वाटेना. एक खुर्ची. अपुरी राहणारी गोष्ट. सांडणारे पाणी. नाव लिहिता न येणे. प्रत्येक वाक्यानंतर त्या क्षणभर थांबत, आणि त्या थांबण्यात सभासदांच्या माना हलत. शेवटी चिंचोके आले. "बारा वस्तू मोजता आल्या नाहीत," हे वाचून त्यांनी योगिनीकडे पाहिले. ती खाली बघत होती. एकवीस वर्षे ज्याची वाट पाहिली ते हे दृश्य. बाईंनी ते पोटभर पाहून घेतले.

"पाचसहा वर्षांच्या मुलीला बारा मोजता येत नाहीत?" एक सभासद म्हणाला. "मग शिकवतात काय?"

"कोणती मुलगी, बाई?" विनीतने विचारले.

"सानिका."

"बाळाची सानिका?" विनीत पुढे वाकला. "अहो, ती सुट्टीच्या दिवशी माझ्या शेडवर बापाशेजारी बसलेली असते. बाळाच्या हातून एखादा आंबा सुटला तर तीच ओरडते. तिला बारा येत नाहीत?" तो थांबला. "बाई, तिने मोजले कसे? चिंचोके उचलले कसे?"

बाईंच्या हातात कागद होता. "एकेक करून," असे म्हणायला किती वेळ लागला असता? पाहणारी होती फक्त योगिनी, आणि तिला त्यातले काही कळले नव्हते. दोन शब्द, आणि खोल्यांतले बाक तिथेच राहिले असते.

पण ते दोन शब्द खोटे होते. आणि योगिनीला खोट्याने मारायचे तर इतकी वर्षे सांभाळलेला राग पाण्यात गेला.

"दोन्ही हातांनी," बाई म्हणाल्या. "चार-चार."

मग रावजी शेटे पोट धरून हसू लागले. "अगो दमयंती, मग बरोबर मोजलान की पोरीने! तीन वेळा चार. माझा नातू शहरात इंजिनेर झाला, त्याला येत नाय ते." आठही बागायतदार हसले. कोणी हात पुढे करून, हवेतले आंबे उचलून, शेजाऱ्याला दाखवू लागला.

विनीत मात्र हसला नाही. "बाई, ही मोजणी तुम्हाला माहीत नव्हती?"

"माहीत होती."

हसणे थांबले.

"मी खोटे काही लिहिलेले नाही," बाई म्हणाल्या. "ती तीन म्हणाली. मी तीन लिहिले."

"बाकीची वाक्येही अशीच खरी आहेत का?"

हा प्रश्न त्यांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा विचारत होता. बाईंनी पदर सावरला. "विचारा. विचाराल त्याचे उत्तर देईन."

आणि त्यांनी दिले. एकच खुर्ची होती, तर शिक्षिका कुठे बसली? फरशीवर, मुलांत, खुर्ची मला दिली म्हणून. गोष्ट का राहिली? ईशाचा प्रश्न बाईंनी शब्दन् शब्द सांगितला, आणि तो ऐकून एक बागायतदार म्हणाला, "बरोबर आहे तिचं, राखण नको?" पाणी कोणी पुसले? मुलांनी, न सांगता. स्वतः रचलेली भिंत बाई एकेक चिरा उतरवून खाली ठेवत होत्या. आपण हरत आहोत हे त्यांना कळत होते, पण हरतानाही कोणी आपल्याला लबाड म्हणू नये, एवढाच आता त्यांचा आग्रह उरला होता.

"आणि नाव लिहिता येत नाही, ते?" विनीतने विचारले.

बाईंनी उत्तर द्यायच्या आत दाराजवळून आवाज आला.

"ते खरं आहे," योगिनी म्हणाली. ती उभी राहिली होती. "आमची मुलं लिहीत नाहीत. बोटं तयार होईपर्यंत मी पेन्सिल देत नाही. पण मग वेळ कमी पडतो. पहिलीत गेल्यावर दिवाळीपर्यंत ती मागे राहतात, काही रडतात. दर वर्षी मी ठरवते की यंदा बदलेन, आणि मला ते नीट जमत नाही. बाईंनी नेमकं तेच पकडलंय."

सभासद एकमेकांकडे बघू लागले. ज्या बाईची शाळा तराजूत होती तीच आपल्या विरुद्धच्या पारड्यात वजन टाकत होती.

दमयंतीबाईंना तेव्हा एक गोष्ट कळली, आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही. या बाईची जीभ आपल्यावर डूख धरून चाललेली नव्हती. ती कोणावरही तशीच चालते, स्वतःवरसुद्धा. वैरी म्हणून जिला इतकी वर्षे पोसले, तिला वैराची खबरच नव्हती. वैर असते तर फेडता आले असते. आता हा राग घेऊन जावे तरी कुठे? बाईंचा राग कमी झाला नाही, उलट बेवारस झाल्यामुळे अधिकच भडकला.

"विनीत," त्या म्हणाल्या, "माझे म्हणणे लिहून घे. सूचना मी मांडते आहे."

विनीतने पेन घेतले.

"दोन्ही खोल्या करुणा बालोद्यानास द्याव्यात. एका वर्षासाठी. मुले बोलतात, विचारतात, आपले काम आपण करतात. हे पहिलीच्या निम्म्या मुलांना येत नाही. पण लेखनाशिवाय ती शाळेला तयार आहेत असे मी म्हणणार नाही, आणि मी म्हटल्याखेरीज या गावात कोणी म्हणू नये. तेव्हा मोठ्या गटाचे लेखन मंगळवारी आणि शुक्रवारी मी घेईन. पाटीवर. माझ्या पद्धतीने. ही अट मान्य नसेल तर खोल्या मिळू नयेत."

"बाई, तुम्ही स्वतः?" विनीत म्हणाला. "या वयात?"

"वय मी विचारले का तुला?"

रावजी योगिनीकडे बघून हळूच म्हणाले, "पोरी, नको म्हण. जागा दुसरीकडे बघू. ही तुला सुखाने श्वास घेऊ देणार नाय."

"ऐकू येते मला, रावजी," बाई म्हणाल्या. "आणि खरे आहे ते. पुढच्या दिवाळीत माझ्या हाताखालची मुले पहिलीत पुढे असतील, आणि गाव म्हणेल, दमयंतीबाई आल्या तेव्हा कुठे करुणाची शाळा शाळा झाली. मला तेच म्हणवून घ्यायचे आहे. लपवत नाही."

योगिनीने बाईंकडे पाहिले. तेच सरळ बघणे. मग तिने मान हलवली.

"अट मान्य आहे. पण मुलांवर आवाज चढलेला मला चालणार नाही, बाई. चढला तर मी तिथल्या तिथे सांगेन."

"सांग. तुझी ती खोड मला ठाऊक आहे."

"आणि सकाळी नऊला आमची प्रार्थना असते. तुम्ही सव्वानऊला आलात तरी चालेल."

"मी कधी उशिरा गेले नाही. नऊला येईन."

"मग प्रार्थनेला उभं राहावं लागेल."

"उभी राहीन," दमयंतीबाई म्हणाल्या. "डोळे मात्र मिटणार नाही."